पांढरीतले घर आणि पंचायतीचा ठराव

राज्यशास्त्राच्या पेपरासाठी मी ग्रामपंचायतीची कामे ओळीने पाठ केली होती. दिवाबत्ती, पिण्याचे पाणी, गटारे, जन्ममृत्यूची नोंद, आठवड्याचा बाजार आणि शेवटी कुठेतरी ‘बांधकामांवर नियंत्रण’. या शेवटच्या दोन शब्दांकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. २०२३ च्या पावसाळ्यात आमच्या गावातल्या घराची मागची भिंत पडली, तेव्हा ते दोन शब्द पुस्तकातून उठून थेट आमच्या ओसरीवर येऊन बसले.

पडलेली भिंत पांढऱ्या मातीची, दीड हात रुंद आणि आजोबांच्याही आधीची होती. आम्ही सगळे पुढच्या खोलीत झोपलो होतो म्हणून निभावले. वडिलांनी ठरवले, की आता डागडुजी पुरे. जुन्या जोत्यावरच विटा-सिमेंटच्या दोन खोल्या आणि वर स्लॅब घालावयाचा. पैसे काही सोसायटीचे, काही आईच्या बचत गटाचे. माझ्या मनात आलेला पहिला प्रश्न बालिश वाटेल: जागा आपली, पैसे आपले, जोतेही आपले, मग परवानगी कोणाची आणि कशासाठी? या प्रश्नाच्या मागे लागून मी पंचायतीच्या दोन मासिक सभांना भिंतीला टेकून बसलो, एका स्थळपाहणीत टेपचे टोक धरले आणि कायद्याची काही पाने चाळली. त्यातून जे समजले ते येथे मांडावयाचे आहे. गावाचे आणि माणसांचे नाव मुद्दाम देत नाही. त्या सर्वांना रोज एकाच पारावर बसावे लागते.

गावाच्या जमिनीचे आपल्याकडे जुन्या काळापासून दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. सरकारी भाषेत पांढरीला गावठाण म्हणतात. त्याची हद्द ठरविण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांचा आहे. ही हद्द कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही, परंतु घर बांधणाऱ्याला ती पदोपदी लागते. तिच्या आत बांधावयाचे तर वाट एक आणि बाहेर बांधावयाचे तर दुसरी.

बाहेरची वाट थोडक्यात सांगून टाकतो, कारण ती मी चाललेलो नाही. काळीत घर बांधणे म्हणजे जमिनीचा वापर बदलणे. तेथे महसूल संहितेचे अकृषिक वापराचे नियम येतात, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खालची प्रादेशिक योजना येते, आणि निर्णय तालुक्याच्या व जिल्ह्याच्या कचेरीत होतो. २०१७ साली संहितेत ४२-ड हे कलम घालून गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनींसाठी वाट सोपी करण्यात आली. हे नियम अलीकडे इतक्या वेळा बदलले आहेत, की गेल्या वर्षीची माहिती सांगणारा माणूस यंदा खोटा पडतो. या वाटेवर ग्रामपंचायतीकडे फार तर एक ‘ना हरकत’ दाखला मागतात. गावातल्या लोकांना मात्र वाटते, की सारे पंचायतीच्याच हाती आहे. पंचायतही हा गैरसमज दूर करण्याची फारशी घाई करीत नाही.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते, कारण ती आपल्या अभ्यासक्रमाशी थेट निगडित आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची आणली व पंचायतींकडे सोपविता येतील असे २९ विषय त्यात घातले. त्यात ग्रामीण गृहनिर्माण आहे, रस्ते आणि मोऱ्या आहेत. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने नगरपालिकांसाठी १८ विषयांची बारावी अनुसूची आली. तिची सुरुवातच नगरनियोजनाने होते आणि दुसरा विषय जमिनीच्या वापराचे व बांधकामांचे नियमन हा आहे. गावाच्या यादीत या दोहोंना जागा नाही. जणू घटनादुरुस्ती करणाऱ्यांच्या मते शहर वाढते आणि गाव नुसते असते. प्रत्यक्षात आमच्या गावठाणाच्या चारी बाजूंना गेल्या वीस वर्षांत जेवढी घरे उठली, तेवढी त्याआधीच्या पन्नास वर्षांत उठली नसतील.

असो. गावठाणाच्या आत जो काही अधिकार आहे तो जुन्या कायद्यातून येतो: मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८, ज्याच्या नावात आता मुंबईऐवजी महाराष्ट्र आहे. त्याचे कलम ५२ सांगते, की पंचायतीच्या पूर्वपरवानगीवाचून कोणी इमारत उभारू नये किंवा पुन्हा उभारू नये. ‘पुन्हा’ हा शब्द आमच्यासाठी महत्त्वाचा होता. जुन्या जोत्यावरचे घरही त्यात आले. अर्ज मिळाल्यापासून दोन महिन्यांत पंचायतीने होकार किंवा नकार लेखी कळविला नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. नकार द्यावयाचा तर कारणे कळवावी लागतात, आणि त्या नकारावर पंचायत समितीकडे अपील करता येते. कागदावर हे सारे स्वच्छ आहे. अर्ज, विचार, उत्तर, अपील.

घोटाळा सुरू होतो तो अर्जाला जोडावयाच्या कागदापासून. आमच्या ग्रामसेवकांना गावात सगळे भाऊसाहेब म्हणतात. (२०२४ मध्ये शासनाने ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नाव दिले, गावाने ते अजून मनावर घेतलेले नाही.) भाऊसाहेबांनी सांगितले, “आठ नंबरचा उतारा आणा.” वडील तडक तलाठ्याकडे गेले आणि आठ-अचा उतारा घेऊन आले. तो शेतीच्या खात्याचा. पंचायतीला हवा होता तो पंचायतीच्याच दप्तरातला नमुना नंबर ८, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंद. एका दिवसाची मजुरी आणि येण्याजाण्याचे भाडे एका ‘अ’पायी गेले. वाचकांपैकी ज्यांची घरे गावठाणात आहेत त्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

परंतु खरी गोम या नमुना आठमध्येच आहे. काळीच्या इंचन्‌इंच जमिनीचा सातबारा असतो, नकाशा असतो, मोजणीचे दगड असतात. इंग्रजांच्या काळच्या मोजणीला रस होता तो सारा देणाऱ्या शेतात. पांढरीतून तिला काही मिळावयाचे नव्हते, म्हणून कित्येक गावठाणांभोवती एकच रेघ ओढून आतला भाग कोरा सोडला गेला. मोठ्या गावठाणांची पुढे मोजणी झाली. आमच्यासारखी लहान तशीच राहिली. त्यामुळे पांढरीतल्या घराचा कागद एकच, घरपट्टीचा. त्यावर घराचे वर्णन असते, लांबीरुंदी असते, कर किती ते असते, आणि मालक म्हणून नाव असते. आमच्या उताऱ्यावर वडिलांच्या जोडीने आईचेही नाव आहे. घरांच्या नोंदीत पत्नीचे नाव घालण्याचा जो निर्णय शासनाने २००३ मध्ये घेतला, त्याचे ते फळ. पण हा कर बसविण्याचा कागद आहे, मालकीचा नव्हे. न्यायालयांनी हे वेळोवेळी सांगितले आहे. म्हणजे ज्या कागदाच्या आधाराने पंचायत परवानगी देते, तो कागद जागा कोणाची हे सिद्ध करू शकत नाही. आणि पांढरीत भांडण असते ते जागेचेच.

आमचे भांडण एका बोळाचे होते. आमचे घर आणि वडिलांच्या चुलतभावाचे, म्हणजे आबांचे घर, यांच्यामध्ये एक बोळ आहे. आजोबांच्या वाटणीच्या कागदात आमच्या घराची दक्षिणेची सीमा लिहिली आहे ती एवढीच: ‘दक्षिणेस बोळ.’ कोणाचा बोळ, किती रुंद, हे लिहिणाऱ्याला सांगावेसे वाटले नाही, कारण त्या काळी ते सर्वांना ठाऊक होते. अर्जासोबत शेजाऱ्याचे संमतिपत्र लागते असे भाऊसाहेब म्हणाले. वडील आबांकडे गेले आणि अर्ध्या तासाने कागद तसाच कोरा घेऊन परत आले. बोळ माझा आहे, असे आबांचे म्हणणे. शिवाय तुमच्या स्लॅबचे पाणी माझ्या भिंतीत मुरेल.

या संमतिपत्राविषयी मला थोडे लिहिलेच पाहिजे. मी कलम ५२ पुन्हा पुन्हा वाचले. त्यात शेजाऱ्याच्या संमतीची अट मला कोठे दिसली नाही. ती आली रूढीतून. पंचायतीजवळ नकाशा नाही, अभियंता नाही, मालकी तपासण्याचे साधन नाही. तेव्हा शेजारी सही करतो आहे म्हणजे जागेबद्दल वाद नाही, असा तिचा सोपा हिशेब. माहिती म्हणून हा हिशेब चुकीचा नाही. परंतु माहितीची अट झाली, की शेजाऱ्याच्या हातात नकाराचा अधिकार जातो, आणि तो कोणत्याही कायद्याने त्याला दिलेला नाही. ज्याचे शेजाऱ्याशी पटते त्याला आठ दिवसांत परवानगी, आणि ज्याचे पिढीजात वैर त्याला कधीच नाही. मग एकटी राहणारी विधवा किंवा ज्याला गावात भावकी नाही असा माणूस सह्या कोणाच्या मागणार?

अर्ज ऑक्टोबरच्या ११ तारखेला दिला. संमतिपत्राच्या जागी ‘शेजाऱ्यांनी संमती दिली नाही’ असे वडिलांनी स्वतः लिहिले. पोच घेतली. ही पोच घेणे फार महत्त्वाचे, कारण दोन महिने तिच्यावरच्या तारखेपासून मोजावयाचे असतात.

ऑक्टोबरअखेरच्या मासिक सभेला विषयपत्रिकेवर चौदा विषय होते, आमचा अकरावा. पंचायतीचे नऊ सदस्य. त्यांत पाच स्त्रिया, आणि सरपंचही स्त्री. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. पाणीपुरवठ्याची मोटार जळाली होती, तिच्यावर पाऊण तास गेला. रस्त्यावरच्या दिव्यांवर वीस मिनिटे. आमचा विषय आला तेव्हा चहा आला. आबांचा थोरला मुलगा नऊ सदस्यांपैकी एक. विषयाचा आकडा वाचताच तो उठला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. त्याला कोणी तसे सांगितले नव्हते. मला त्याचा राग होता, पण ही एक गोष्ट मी त्याच्या बाजूने मनात लिहून ठेवली.

भाऊसाहेबांनी अर्ज वाचला. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “घरातलं भांडान हाय, घरात मिटवा. सभेत कशाला?” दोघांनी मान हलविली. विषय तेथेच संपणार असे दिसत असता कोपऱ्यातल्या एका सदस्य बाई पहिल्यांदाच बोलल्या: “पर पानी कुठं सोडनार, त्ये बघितलं का कुनी?” नकाशा टेबलावर उलगडला गेला. तो तालुक्याच्या गावी एका अभियंत्याने काढून दिला होता. आमची जागा त्यांनी पाहिलेली नव्हती. वडिलांनी सांगितलेल्या लांबीरुंदीवरून त्यांनी नीटनेटके घर काढले होते. दक्षिणेला दोन खिडक्या, त्यांवर दोन फुटांचे सज्जे, आणि स्लॅबचे सारे पाणी काढणारा पाइप. बोळाच्या बाजूला!

मी त्या नकाशाकडे पाहतच राहिलो. तो आमच्या घरात पंधरा दिवस होता. कोणीच त्या नजरेने पाहिला नव्हता. जुन्या घराचे छप्पर पूर्व-पश्चिम उतरते होते, पागोळ्या रस्त्यावर आणि परसात पडत. बोळात थेंबही जात नसे. सपाट स्लॅब आला की पाण्याची दिशा माणसाने ठरवावी लागते, आणि आमच्यासाठी ती एका परक्या माणसाने कागदावर ठरवून टाकली होती. आबा बोळाबद्दल खोटे बोलत असतील, पण पाण्याबद्दल खरे बोलत होते.

ठराव झाला: सरपंच व दोन सदस्यांनी स्थळपाहणी करावी, विषय पुढील सभेत घ्यावा. विषय तहकूब ठेवणे हे पंचायतीचे आवडते हत्यार. होकार दिला तर एक भावकी रागावते, नकार दिला तर दुसरी, आणि नकाराला कारणेही लिहावी लागतात. तहकुबीला काही लागत नाही. कायद्याने दोन महिन्यांची मुदत घातली ती बहुधा हे ओळखूनच. त्या रात्री मी उत्साहाने वडिलांना सांगितले, की आणखी एकदा तहकूब झाले तर डिसेंबरच्या ११ तारखेला आपली परवानगी आपोआप मिळाली. वडील भाऊसाहेबांना विचारावयास गेले. ते म्हणाले, “कायदा बरोबर आहे पोराचा. मिळेल. पण मानीव परवानगी म्हणजे काही जागेचा निकाल नव्हे. आबा कोर्टात गेले तर ते पान काय कामाचं? आणि पाणी तर पडणारच की.” वडिलांनी तो मार्ग तेथेच सोडला. मला तेव्हा तो दुबळेपणा वाटला. आज तितकासा वाटत नाही. मात्र ज्यांची अडवणूकच होत असेल त्यांनी ही मुदत जरूर मोजावी. ती त्यांच्यासाठीच आहे.

स्थळपाहणी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. सरपंच ताई, पाण्याचे विचारणाऱ्या बाई, ते ज्येष्ठ सदस्य, भाऊसाहेब आणि गवंड्याकडून मागून आणलेला टेप. मी एक टोक धरले. बोळ तोंडाशी चार फूट दोन इंच भरला. मागे, आमची भिंत पडली तेथे, तीन फूट पाच इंच. नऊ इंच कोठे गेले? पडलेली माती बाजूला केली तेव्हा आमच्या जोत्याचे घडीव दगड एका ओळीत दिसले. ते जागचे हललेले नव्हते. समोर आबांच्या घराचे जुने जोतेही सरळच होते, आणि त्याच्या पुढे आलेली होती आबांची न्हाणी. ती पाच-सहा वर्षांपूर्वी बांधलेली.

सर्वांनी पाहिले. कोणीच बोलले नाही. शेजारच्या आजी ओट्यावरून म्हणाल्या, की नळ येण्याआधी आडावरून पाणी आणणाऱ्या बायका याच बोळाने जात. डोक्यावर घागर, कमरेला कळशी, आणि समोरून दुसरी बाई आली तर दोघी निघत. आबा तिच्याकडे न पाहता भिंतीकडे पाहत होते.

पंचनाम्यात बोळाची दोन्ही टोकांची रुंदी लिहिली गेली. न्हाणी लिहिली गेली नाही. बोळ ‘सार्वजनिक’ की ‘सामाईक’ की ‘खाजगी’, हेही लिहिले नाही. नुसते ‘बोळ’, आजोबांच्या वाटणीच्या कागदासारखे. मी भाऊसाहेबांना वाटेत कारण विचारले. ते काही बोलले नाहीत, पण कायद्याचे पुस्तक मला वाचावयास दिले व कलम १४ चे पान दुमडून ठेवले. सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर ज्याने अतिक्रमण केले आहे तो पंचायतीचा सदस्य राहू शकत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ आणखी कडक लावला: अतिक्रमण मूळ कोणी केले एवढेच पाहावयाचे नाही, त्या जागेत राहून त्याचा लाभ घेणारा घरातला माणूसही अपात्र ठरू शकतो. म्हणजे पंचनाम्यात ‘सार्वजनिक बोळ’ असे दोन शब्द पडले असते, तर आमच्या चुलतभावाचे सदस्यत्व धोक्यात आले असते. आणि केवळ त्याचेच कशाला? गावठाणात एखादी पायरी, एखादे न्हाणीघर, एखादा गोठा रस्त्यात आलेला नाही, असे घर शोधावे लागेल. कायद्याचा हेतू चांगला आहे. पण त्यामुळे ज्यांनी टेप लावावयाचा त्यांनाच टेपाची भीती वाटते आणि नोंदी मुक्या होतात, हेही मी डोळ्यांनी पाहिले.

३० नोव्हेंबरच्या सभेत ठराव झाला. सूचक त्याच बाई, अनुमोदक ते ज्येष्ठ सदस्य. इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ असे लिहिले गेले. जुन्या जोत्याबाहेर न जाता बांधकाम करावे. बोळावर सज्जा अगर जिना काढू नये. स्लॅबचे पाणी पूर्वेच्या गटारात सोडावे. दक्षिणेस खिडकी चालेल, दार नको. बोळ वापरास मोकळा ठेवावा. मालकीविषयी ही परवानगी काही सांगत नाही, असेही शेवटी एक वाक्य होते. ते भाऊसाहेबांचे. नकाशा बदलून घ्यावा लागला, अभियंत्यांचे पैसे पुन्हा गेले. पत्र मिळाले ६ डिसेंबरला, मुदत संपण्यास पाच दिवस असताना.

त्याच सभेत आमच्यानंतरचा एक अर्ज मिनिटभरात निकालात निघाला. गायरानाच्या कडेला राहणाऱ्या एका कुटुंबाला प्रधानमंत्री आवास योजनेचे घरकुल मंजूर होण्यासारखे होते. किमान २५ चौरस मीटरचे घर, सपाट प्रदेशासाठी १,२०,००० रुपयांचे मूळ साहाय्य. पण जागा गायरानाची. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याविषयी जो निकाल दिला, त्यानंतर गायरान या शब्दापाशी प्रत्येक पंचायत थबकते. भाऊसाहेब म्हणाले, “जागा बसत नाही.” पुढचा विषय. त्या घराची घरपट्टी पंचायत घेते; उताऱ्यावर नावापुढे ‘अतिक्रमण’ असा शेरा मारून घेते. आमच्या नऊ इंचांसाठी स्थळपाहणी झाली, त्यांच्यासाठी कोणी खुर्चीवरून उठले नाही. कायदा दोघांना वेगळा होता हे मला कळते. तरी पत्र हातात घेऊन बाहेर पडताना तो माणूस पायरीवर बसलेला दिसला, तेव्हा मी वाट बदलली, हे कबूल करतो.

परवानगी मिळाल्यावर तपासणी कोण करते? खरे उत्तर: कोणी नाही. जोते झाल्यावर भाऊसाहेब एकदा येऊन पाहून गेले ते त्यांच्या स्वभावामुळे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई व काही वगळलेली क्षेत्रे सोडून राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्या आधाराने ग्रामीण भागातल्या लहान भूखंडांसाठी २०२१ पासून पद्धत सुटसुटीत करण्यात आली: परवानाधारक अभियंत्याने नकाशा नियमाप्रमाणे आहे असे प्रमाणित करावे, नगररचना कार्यालयाच्या वाऱ्या वाचाव्यात. हेतू योग्य आहे. मात्र त्या कागदांच्या यादीतही पहिला कागद मालकीचाच. आणि आमच्या अभियंत्यांचे प्रमाणपत्रही त्या पाइपसकट होते, हे विसरता येत नाही. ते नियमात बसत असेल. बोळात बसत नव्हते. पाणी कुठे जाणार हा प्रश्न विचारला गेला तो पंचायतीत.

पांढरीला कागद देण्याचे काम आता सुरू झाले आहे. केंद्र सरकारची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली. ड्रोनने गावठाणाची छायाचित्रे घ्यावयाची, नकाशा करावयाचा आणि घराघराला मिळकत पत्रिका द्यावयाची. आपल्या राज्यात त्यापूर्वीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी हा प्रयोग झाला होता. ड्रोन येण्याआधी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीची हद्द चुन्याने आखून ठेवावयाची असते, म्हणजे ती वरून दिसते.

आमच्या गावात हे काम आले तोवर घर उभे राहिले होते. पंचायतीचा शिपाई चुन्याची बादली आणि डबा घेऊन गल्लीगल्लीने फिरत होता, मागे भाऊसाहेब आणि पोरांची झुंबड. बोळापाशी येऊन तो थांबला आणि म्हणाला, “हितं कसं वढू?” वडील आमच्या जोत्याशी उभे, आबा त्यांच्या दारात. वडिलांनी आपल्या भिंतीकडे बोट दाखविले. शिपायाने आमच्या जोत्याला धरून रेघ ओढली. मग तो आबांच्या बाजूला वळला. आबांनी पुढे होऊन त्याच्या हातातला डबा घेतला, जुन्या जोत्याच्या दगडापासून रेघ सुरू केली, न्हाणीपर्यंत आले, आणि तेथे जरा थांबले. नंतर न्हाणीला बाहेरून वळसा घालून त्यांनी रेघ पुरी केली. आजी ओट्यावर होत्या. वडील काही बोलले नाहीत.

नकाशा चावडीवर लागला तेव्हा मी पाहून आलो. त्यात बोळ आहे, पंचायतीच्या नावाने. रुंदी तोंडाशी १.२७ मीटर, शेवटी १.०४.